घरावर कर्ज काढून भाड्यासाठी फ्लॅट: व्हॅल्युएशन आत्ता करू की थांबू?

विजापूररोड_मास्तर
नमस्कार मंडळी. वाचतोय बरीच वर्षं, लिहितोय पहिल्यांदा. सांभाळून घ्या.

जुळे सोलापुरात आमचं स्वतःचं घर आहे. दीड हजार फुटांचा प्लॉट, बांधकाम २००९ चं. खाली हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर. वर दोन खोल्या नंतर चढवल्या. गृहकर्ज मागच्या वर्षी फिटलं, कागद घरी आले. मी अनुदानित शाळेत शिक्षक, वय ४९. हातात पगार ७८ हजार, गाडीचा हप्ता साडेनऊ हजार.

डोक्यात असं आहे की घर तारण ठेवून ४० लाख उचलायचे आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपास वीस-वीस लाखांचे दोन वन बीएचके घेऊन भाड्याने द्यायचे. घराची किंमत ८५ लाखांच्या खाली नाही असं सगळेच म्हणतात.

अडलंय ते व्हॅल्युएशन कधी करायचं यावर. बँकेचा माणूस म्हणतो उद्याच करू. मेव्हणे म्हणतात एप्रिलमध्ये नवे रेडीरेकनर दर, म्हणजे जमीन-घरांचे सरकारी दर, येऊ देत. सौ. म्हणते आधी रंग द्या, पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल आलीय. आणि एजंट म्हणतो मुंबईचं विमान सुरू झालंय, सहा महिने थांबा, भाव कुठल्या कुठे जाईल. कोणाचं ऐकू?

शेंगाचटणी
सौं.चं ऐका. व्हॅल्युएशनचं माहीत नाही, पण घरात शांतता राहील.

टेक्सटाईलचा_पोरगा
मास्तर, त्या विमानाच्या नादाला लागू नका बे. विमानाच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली २०२३ च्या जूनमध्ये, तेव्हापासून होटगी रोडचा प्रत्येक एजंट "आता बघा" म्हणायलाय. मी आपला बघायलोय अजून.

गड्डा_यात्रा
असं कसं? गोव्याचं विमान २०२५ च्या जूनमध्ये सुरू झालं, मुंबईचं ऑक्टोबरमध्ये. काहीतरी फरक पडणारच की. आमच्या गल्लीत प्लॉटचे भाव तोंडाने तरी वाढलेत.

मोजपट्टी
"तोंडाने वाढलेत" हे तुम्ही अगदी बरोबर लिहिलंत, सगळी गोम तिथेच आहे. मी सिव्हिल इंजिनिअर, एका व्हॅल्युअरकडे नऊ वर्षं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हॅल्युअर बँकेच्या पॅनेलवरचा असतो आणि काम बँकेचं करतो, तुमचं नाही. तो जागेवर येतो, मापं घेतो, फोटो काढतो, मंजूर नकाशाशी ताडून बघतो. जमिनीची किंमत वेगळी धरतो, बांधकामाची वेगळी. बांधकामाला वयाप्रमाणे घसारा लागतो; आरसीसीचं आयुष्य साधारण ६० वर्षं धरतात, त्यातली तुमची सोळा गेली. अहवालात बाजारभाव असतो, सरकारी दराने येणारी किंमत असते आणि घाईत विकावं लागलं तर काय येईल तो आकडाही असतो. बँक बाजारभावाकडे बघते तशीच या शेवटच्या आकड्याकडेही बघते.

आता जमिनीचा भाव तो कुठून आणतो? आजूबाजूला नोंदवलेल्या व्यवहारांतून. आणि आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. प्लॉट जातो ५० ला, कागदावर येतो ३२ ला, उरलेले रोखीने, पिशवीत. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, काढला तर ३२ च दिसतात. तुमचे ८५ लाख हे पिशवीसकट ८५ आहेत, मास्तर. व्हॅल्युअर पिशवी बघू शकत नाही. विचारपूस तो करतो, आजूबाजूच्या एजंटांनाही विचारतो, पण अहवालाला आधार कागदाचा द्यावा लागतो.

म्हणून थांबायचंच असेल तर विमानासाठी थांबू नका. तुमच्या गल्लीत कोणी बँकेचं कर्ज काढून घर घेत असेल तर त्याची नोंदणी होईपर्यंत थांबा. कर्जाने घेणाऱ्याला बँक कागदावरच्या रकमेवर पैसे देते, त्यामुळे तो पूर्ण किंमत कागदावर आणायला बघतो. असा एक व्यवहार शेजारी नोंदला गेला की आमच्या हाताला काहीतरी लागतं.

आणि एक प्रश्न. वरच्या दोन खोल्या "नंतर चढवल्या" म्हणालात. परवानगी घेऊन की तशाच?

शेंगाचटणी
पिशवीसकट ८५. 😀 माझं वजन पण पिशवीसकटच धरतात घरात.

विजापूररोड_मास्तर
मोजपट्टी साहेब, खोल्या २०१६ साली बांधल्या. नकाशा खालच्या मजल्याचाच मंजूर आहे. पण महापालिकेने वरच्या खोल्यांना घरपट्टी लावलीय, दरवर्षी भरतो. पावत्या आहेत सगळ्या.

मोजपट्टी
घरपट्टी लागली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. महापालिका कर अनधिकृत बांधकामालाही लावते. आजच्या आज व्हॅल्युएशन केलंत तर त्या दोन खोल्या बहुधा शून्य धरल्या जातील, आणि वर अहवालात "मंजूर नकाशाशी विसंगत" असा शेरा पडेल. तो शेरा पैशापेक्षा जास्त त्रास देतो, कारण पुढे वकील आणि क्रेडिटवाले त्यावरच बोट ठेवतात.

परवानाधारक इंजिनिअरकडून वाढीव बांधकामाचा नकाशा करून नगररचना विभागात प्रशमन शुल्क भरून नियमित होतंय का बघा. एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ती मर्यादा) शिल्लक असेल आणि सामासिक अंतरं (घराभोवती सोडायची मोकळी जागा) सुटली असतील तर होतं. रंग, ओल हे सगळं त्यानंतर. रंगाने किंमत वाढत नाही, पण ओलीचा फोटो अहवालात गेला की व्हॅल्युअर बांधकामाची स्थिती "मध्यम" लिहितो. तेव्हा वहिनी अर्ध्या बरोबर आहेत.

निवृत्त_शाखाधिकारी
चर्चा उत्तम चालली आहे, पण गाडी चुकीच्या फलाटावर उभी आहे. मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली सात कर्ज विभागात.

मास्तर, तारण कर्जाला छप्परं दोन असतात. एक घराचं, एक पगाराचं. दोन्हीत जे खाली असेल तेवढीच उंची तुम्हाला मिळते.

घराचं छप्पर: मालमत्ता तारण कर्जाला बँका साधारण किमतीच्या ५० ते ६५ टक्के देतात. गृहकर्जाचे ८०-९० टक्के इथे विसरा. समजा ६८ लाख व्हॅल्युएशन आलं, ६० टक्क्यांनी ४०.८ लाख.

पगाराचं छप्पर: ७८ हजारांच्या निम्मे ३९ हजार हप्त्यांना धरू. त्यातून गाडीचे साडेनऊ गेले, उरले २९,५००. तुम्ही ५८ ला निवृत्त होणार, म्हणजे हातात नऊ वर्षं. साडेनऊ टक्क्यांनी नऊ वर्षांना लाखाला १,३८१ रुपये हप्ता बसतो. भागून बघा: २१ लाख ३५ हजारांच्या आसपास.

म्हणजे घर ४० द्यायला तयार आहे, पगार २१ वर थांबतोय. आता व्हॅल्युएशन ६८ येवो, ७५ येवो की ८५, तुमच्या हातात पडणाऱ्या रकमेत एका रुपयाचा फरक नाही. आधी हे गणित बँकेत मांडून घ्या, व्हॅल्युअरची फी त्यानंतर भरा.

विजापूररोड_मास्तर
साहेब, हे मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. बँकेचा माणूसही नाही. तो म्हणाला, "घर चांगलंय, चाळीस सहज होतील."

निवृत्त_शाखाधिकारी
तो बँकेचा नसेल, एजन्सीचा असेल. त्याचं काम फाइल आत आणायचं. फाइल आत आली की प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युअर सगळं सुरू होतं, आणि नामंजूर झालं तरी त्यातलं बहुतेक परत येत नाही.

सौ_भवानीपेठ
आमचीच कथा. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या नावच्या घरावर कर्ज काढून शेजारचा गाळा घ्यायचा होता. उत्साहात आधी व्हॅल्युएशन करून घेतलं. नंतर वकील म्हणाले सासऱ्यांनंतर वारसनोंद झालेली नाही, दोन नणंदांच्या सह्या लागतील. एक नणंद सिकंदराबादला, एक भिवंडीला. दोघी एका दिवशी सोलापुरात यायला लग्नच लागतं. पाच महिने गेले. तोवर बँक म्हणाली अहवाल जुना झाला, आमच्याकडे तीन महिनेच चालतो, पुन्हा करा. पुन्हा फी, पुन्हा तोच माणूस, पुन्हा तेच फोटो. किंमत दहा हजारांनी कमी आली ते वेगळंच!

गाळा अर्थातच दुसऱ्याने घेतला. म्हणून सांगते भाऊ, व्हॅल्युएशन सगळ्यात शेवटी. प्रॉपर्टी कार्डावर नाव, सह्या, घ्यायच्या फ्लॅटचे कागद, सगळं झालं की मग.

गड्डा_यात्रा
ताई, मग लग्न लागलं का कोणाचं?

सौ_भवानीपेठ
लागलं. धाकट्या दिराचं. सह्या मांडवातच घेतल्या.

डॅलसचा_सोलापूरकर
मूळचा साखर पेठेतला, आता टेक्सासात. इथल्या भाषेत याला होम इक्विटी म्हणतात आणि भाड्याच्या घरांसाठी असं कर्ज काढणं इथे फार चालतं. गंमत म्हणजे टेक्सासात १९९८ च्या आधी अशा कर्जाला बंदीच होती, राज्यघटनेत दुरुस्ती करून ते सुरू केलं. आजही सगळी कर्जं मिळून घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर जाता येत नाही, आणि एकदा घेतलं की वर्षभर दुसरं घेता येत नाही. म्हणून इथे मूल्यांकनाची वेळ साधायला लोक खरंच धडपडतात. कमी किमतीवर कर्ज उचललं की बारा महिने अडकले.

पण एका बाबतीत तुम्ही आमच्यापेक्षा बरे. टेक्सासात घर कितीला विकलं हे सरकारला सांगायची सक्तीच नाही. तुमच्याकडे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शेजाऱ्याचा इंडेक्स टू घरबसल्या शोधता येतो.

मोजपट्टी
शोधता येतो, फक्त पिशवी वगळून. 🙂

टेक्सटाईलचा_पोरगा
डॅलस भाऊ, तिकडं चांगलं चाललंय ना? कडक भाकरी मिळते का?

डॅलसचा_सोलापूरकर
आई आली की दोन डबे आणते. कस्टमवाल्याला "पापड" म्हणून सांगतो.

कडकभाकरी
माझ्या नावाने हाक मारली म्हणून आलो. आता कडवट बोलतो.

वीस लाखांच्या वन बीएचकेला सिव्हिलजवळ भाडं किती? साडेसहा, फार तर सात. दोन फ्लॅटचे १३ हजार. ४० लाखांचा हप्ता साडेनऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांना धरला तरी ४१,७७० बसतो. म्हणजे दर महिन्याला पावणेएकोणतीस हजार खिशातून. वर्षाचं भाडं किमतीच्या चार टक्केही नाही आणि व्याज साडेनऊ. व्हॅल्युएशन सोमवारी करा नाहीतर एकादशीला, ही वजाबाकी बदलत नाही.

वरून मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार, आणि नोंदणी फी वेगळी. ते कर्जात बसत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स, रिकामे महिने, नळाच्या तोट्या. माझे दोन भाडेकरू कुंभारीला रे नगरात, कामगारांच्या वसाहतीत, स्वतःच्या घरात गेले. त्यांचं चांगलं झालं, मनापासून आनंद आहे, पण माझ्या खोल्या पाच महिने रिकाम्या होत्या.

गड्डा_यात्रा
कडक काका, भाडं वाढतं की. हप्ता तेवढाच राहतो.

कडकभाकरी
हप्ता तेवढाच कुठे राहतो? दर बदलता असतो. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर साडेसहावरून खाली आला म्हणून सगळे खूश आहेत. २०२२ मध्ये तोच चारवरून वर्षभरात साडेसहावर गेला होता, ते विसरलात?

शेंगाचटणी
सोलापुरात भाडेकरू आला की पहिला प्रश्न "पाणी किती दिवसाआड?" हा असतो. भाडं नंतर विचारतो. व्हॅल्युअरने अहवालात पाण्याच्या टाकीची लिटरमध्ये नोंद केली पाहिजे.

गड्डा_यात्रा
हसण्यावारी नेऊ नका. आमच्या अपार्टमेंटला बोअर आहे, शेजारच्याला नाही. सारखाच फ्लॅट, भाड्यात आठशेचा फरक. उजनी भरून वाहो नाहीतर नाही, आमचं आपलं चार दिवसाआड.

हिशेबनीस
कराचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाचं व्याजही भाड्याच्या उत्पन्नातून वजा होऊ शकतं. कर्जाचं नाव काय यापेक्षा पैसा कुठे गेला हे महत्त्वाचं. पैसा फ्लॅट खरेदीतच गेला हे दाखवता आलं पाहिजे. कर्ज खात्यातून थेट विकणाऱ्याच्या खात्यात जाऊ द्या. मध्ये मुलीची फी, मेव्हण्यांना हातउसने असं काही मिसळू नका.

भाड्यातून घरपट्टी वजा, मग सरसकट ३० टक्के वजा, मग व्याज. जुन्या करप्रणालीत तोटा आला तर वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा होतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वजा होत नाही. मास्तर नव्या प्रणालीत असतील तर कडक काकांची वजाबाकी आणखी कडक होते.

आणि मेव्हण्यांच्या रेडीरेकनरबद्दल. २०२५ च्या १ एप्रिलला दर वाढले तेव्हा महापालिकांमध्ये सगळ्यात जास्त वाढ सोलापूरची होती, १०.१७ टक्के. त्याने कोणाचं घर दहा टक्क्यांनी महाग झालं? अहवालातला सरकारी किमतीचा रकाना वाढला, इतकंच. उलट तुम्ही जो फ्लॅट घेणार त्याचं मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी किंमत यांत जी जास्त तिच्यावर लागतं. एप्रिलपर्यंत थांबून दर वाढले तर फायदा व्हायचा तो नाहीच, खर्च मात्र वाढू शकतो. फ्लॅट वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलात तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती विचारून घ्या.

निवृत्त_शाखाधिकारी
हिशेबनीसांशी सहमत, एका दुरुस्तीसह. फ्लॅट वहिनींच्या नावावर आणि व्याज मास्तरांच्या पगारातून, असं केलंत तर वजावटीचा घोळ होतो. सवलतीसाठी नाव ठरवू नका.

जाता जाता, मेव्हण्यांचा काय दोष. पूर्वी हे दर १ जानेवारीला बदलायचे, तेव्हाही डिसेंबरात शाखेत अशीच गर्दी व्हायची.

टेक्सटाईलचा_पोरगा
आमच्याकडं चुलत्याचा प्लॉट गुंठेवारीचा आहे, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला. त्याच्यावर मिळतं का कर्ज?

मोजपट्टी
गुंठेवारी नियमित झाल्याचं प्रमाणपत्र असेल तर काही बँका बघतात. नसेल तर व्हॅल्युएशनच्या भानगडीत पडू नका. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटना नियमित होण्याची वाट दिली आहे. आधी ते करा. नवा धागा काढा, इथे मास्तरांची शाळा चाललीय.

कडकभाकरी
मास्तर गायब झाले. घाबरवलं की काय आपण?

विजापूररोड_मास्तर
गायब नव्हतो. दहावीच्या सराव परीक्षांचे पेपर होते, आणि तुमच्या सांगण्यावरून बरीच पळापळही.

घडलं ते असं. शाखाधिकारी साहेबांचं गणित कागदावर घेऊन थेट शाखेत गेलो, एजन्सीच्या माणसाला न सांगता. तिथल्या मॅडमनी पाच मिनिटांत कॉम्प्युटरवर २१ लाखच दाखवले. चाळीसचा विषय तिथेच मिटला. खरं सांगतो, बाहेर येऊन सात रस्त्याला चहा पिताना हलकं वाटलं.

वरच्या खोल्यांचा नकाशा टाकलाय. इंजिनिअर म्हणाले मागचं अंतर थोडं कमी पडतंय, शुल्क भरून होईल. व्हायला वेळ लागेल, पण ते आता कर्जासाठी नाही, घरासाठीच करतोय.

व्हॅल्युएशन शेवटी केलं ते फ्लॅट ठरल्यावर आणि वकिलांनी त्याचे कागद बघितल्यावर. वरच्या खोल्या अहवालात धरल्याच नाहीत. आकडा आला ६१ लाख. तीन महिन्यांपूर्वी हा आकडा ऐकला असता तर जेवण गेलं नसतं. पण मला लागत होते १२ लाख. फ्लॅट एकच, साडेएकोणीसचा, बाकीचे आमच्या मुदतठेवीतून. नऊ वर्षांना हप्ता साडेसोळा हजार, भाडं सात हजार ठरलंय. साडेनऊ हजार खिशातून जातात. गाडीचा हप्ता जूनमध्ये संपतोय, तोही साडेनऊच आहे. कडक काका, तुमची वजाबाकी चुकीची नाही, मी ती डोळे उघडे ठेवून केलीय.

सौं.नी मागची भिंत खरवडून वॉटरप्रूफिंग करून घेतलंच. व्हॅल्युअर आला तेव्हा तिने आधी त्याला ती भिंतच दाखवली. त्याने फोटो समोरच्या गेटचा काढला.

निवृत्त_शाखाधिकारी
उत्तम. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आणि बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कागद जमा करताना यादीची सही-शिक्क्याची प्रत घ्या. नऊ वर्षांनी शाखेत मी नसेन, मॅडमही नसतील.

हिशेबनीस
आणि भाडेकराराची नोंदणी करा, महाराष्ट्रात ती सक्तीची आहे. स्टॅम्प पेपरवर नुसती नोटरी करून बसू नका.

सौ_भवानीपेठ
अभिनंदन भाऊ! भाडेकरू कोण?

विजापूररोड_मास्तर
सिव्हिलमधल्या दोन नर्स भगिनी. बार्शीच्या आहेत.

शेंगाचटणी
पहिला प्रश्न काय विचारला त्यांनी?

विजापूररोड_मास्तर
"सर, पाणी किती दिवसाआड?"